सोडलेल्याला दावं

२३ ऑगस्ट, पोळ्याचा दुसरा दिवस

सुदर्शना,

वर "चिरंजीव" लिहिलं न्हाई ते विसरून न्हाई, रागात हाय म्हणून. आशीर्वाद तेवढा घे. थोरली बहीण हाय, तो काय रोखून धरता येत न्हाई.

जत्रेत तू माईक धरून सगळ्या गावासमोर म्हणालास, "आमच्या अप्पांनी आईच्या नावानं सांड सोडला तो धर्म नव्हता, जबाबदारी झटकणं होतं." त्या दिवशी मी तुला म्हणले, ह्या घरात पाऊल टाकू नको. आणि तूबी असा गुणाचा, की खरंच टाकलं न्हाईस. दुसरी जत्राबी तुझ्यावाचून गेली. फोन लावावा तर तुझा आवाज ऐकून मी एक तर भांडीन न्हाईतर रडीन, आणि दोन्हीनं काम व्हायचं न्हाई. म्हणून लिहायलेय. सातवी पास हाय मी, शुद्धलेखन बघत बसू नको.

काम असं हाय. आपला बसवण्णा, अप्पांनी सोडलेला तोच सांड, दुखण्यात हाय.

काल पोळा. गावातले बैल झुली घालून महादेवापुढं उभे, वीरण्णा मामा ताट घेऊन उभे. पहिली पुरणपोळी बसवण्णाची, ती त्यानं खाल्ल्याबिगर बाकीच्या बैलांचं लगीन लागत न्हाई. आणि ह्याचा पत्ताच न्हाई. पोरं बोंबलून आली, न्हाई सापडला. शेवटी पोळी पदरात घेऊन मीच निघाले. वढ्याच्या काठाला बाभळीला डोकं घासत उभा होता. उजवं शिंग खाली कललेलं, मुळातून रगत आणि पू, वास असा की पदर नाकाला लावला. पोळी पुढं केली. हुंगली आणि तोंड फिरवलं. अरे, ज्यानं अख्ख्या गावाची तूर खाऊन वर ढेकर दिली, त्यानं पुरणपोळीवरून तोंड फिरवलं!

देगलूरहून जनावरांची डॉक्टरीण बोलावली. धम्मप्रिया नाव, नांदेडची. दिसायला कॉलेजातली पोरगी, बोलायला सडेतोड. लांबूनच बघून म्हणाली, "मावशी, शिंगाचा कॅन्सर आहे. शिंग मुळासकट काढलं तर वाचेल. उशीर केलात तर डोळ्यात उतरेल, मग इंजेक्शन देऊन झोपवण्याशिवाय माझ्या हातात काही राहणार नाही. पण बांधून, आडवा पाडून द्या. मोकळ्या सांडाला मी हात लावणार नाही."

इथंच गाडं आडलंय. सोडलेल्याला दावं लागत न्हाई. लातूरच्या हवेत विसरला असशील म्हणून सांगते. डाग देऊन देवाच्या नावानं सोडला, की त्याला कुणी जुंपायचं न्हाई, विकायचं न्हाई, मारायचं न्हाई, दोर लावायचा न्हाई. ज्यांनी सोडला त्यांनी तर मुळीच न्हाई, दिलेलं माघारी घेतल्यासारखं होतं. वीरण्णा मामा म्हणाले, "शिवकांते, दोर पडला की तो देवाचा न्हाई राहत. देवाला न्यायचा तवा नेईल."

"आणि तवर कुजू द्यायचा?"

"आपण कोण, पोरी?"

मामा काय निर्दयी माणूस न्हाई. रोज पहाटे पहिली भाकरी त्यालाच घालतात. म्हणून तर मला काही सुचंना. तू पोरांना हेच शिकवतोस ना, माणसानं कसं वागावं ते? पगार त्याचाच घेतोस ना? मग सांग, कसं वागू.

शिवकांता

४ सप्टेंबर

सुदर्शन,

तुझं पत्र पोचलं. पाच पानं! पोस्टमन म्हणाला, "अक्का, कोर्टाची नोटीस हाय का?" म्हणले, भावाचं हाय, त्याहून वाईट.

मला समजलं तसं सांगते, चुकलं तर चुकलं. एक मत असं, की सगळ्यांच्या सुखदुःखाची गोळाबेरीज करायची, आणि जनावराचं दुःख माणसाच्या दुःखाबरोबरीनं धरायचं. दुसरं असं, की बेरीज-बिरीज काही न्हाई, जिवाला त्याचा त्याचा हक्क असतो, कुणाच्या उपयोगाचा म्हणून न्हाई तर तो जगायलाय म्हणून. तिसरं असं, की नीती म्हणजे माणसामाणसांतला करार. जनावराला करार करता येत न्हाई, म्हणून त्याचं आपण काही लागत न्हाई. हे तिसरं तुला पटत न्हाई म्हणतोस. मलाबी पटलं न्हाई, पण माझं कारण येगळं. अरे, बसवण्णाचा आणि गावाचा करारच हाय की! तो कुणाच्याबी रानात शिरतो, लोक हो हो करून हुसकावतात, काठी उगारत न्हाईत. त्यानं सही नसंल केली. माझ्या लग्नात मीबी केली नव्हती.

गोळाबेरीज मी करून बघितली, खोटं वाटंल तुला. शेंगा निवडता निवडता केली. एका बाजूला बसवण्णाचं दुखणं. दुसऱ्या बाजूला वीरण्णा मामा, दोर पडल्यावर त्यांच्या जिवाला जे होईल ते. मग त्या म्हाताऱ्या बाया, ज्या सकाळी त्याच्या पाठीला हात लावून तोच हात डोळ्याला लावतात. त्यांचं काय माप धरायचं? दर खेपेला उत्तर येगळं यायलंय. माझं गणित कच्चं का तुझी बेरीजच तसली, देव जाणे.

आणि चौथ्या पानावर तू जे लिहिलंस ते वाचून मी पत्र घडी घालून डब्याखाली ठेवून दिलं. "अक्का, एका बैलाला देव केलं की बाकीच्यांच्या मानेवर जू ठेवायला आपण मोकळे. तुझ्या दावणीच्या राजा-परधान्याला कुणी विचारलं?" पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळते, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणते. वर्षभर वझं आणि एक दिवस आवतण. ही माफी हाय का लाच, असं तू विचारलंस. लई लागलं मला. तुझा राग आला. दुसऱ्या दिवशी औताला जुंपताना हात आडखळला. जुंपलं तरी. तण काय तुझ्या पत्रानं जात न्हाई.

तूबी सुखात न्हाईस हे वाचून मला बरं वाटलं, वाईट मानू नको. जनावराचं म्हणून चहात दूध घालत न्हाईस म्हणे. काय ते तोंड करून पीत असशील! आणि घरात उंदीर झाले म्हणून तुझ्या बायकोनं, शिल्पानं, चिकट पुठ्ठा ठेवला, त्यावर उंदीर जिवंत चिकटला, आणि तू नीतीचा प्राध्यापक त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसून राहिलास. मारवंना आणि सोडवंना. शेवटी शिल्पानंच तो पुठ्ठा उचलून नेला, आणि पुढं तिनं काय केलं ते तू विचारलंबी न्हाईस. वाचून मी एकटीच हसले. मग तुझी कीव आली. माझा भाऊ शिकून शिकून एवढा भित्रा झाला का मुळातच असा हळवा होता, आठवंना.

पण पाच पानांत माझ्या कामाची एक ओळ न्हाई. दावं लावू का नको? हाव का न्हाई, एवढंच लिही. शिंगात आळ्या पडल्यात. माश्या उडवायला तो मान हलवतो तर शिंग लोंबतं, आणि लोक लांबून हात जोडतात.

शिवकांता

१६ सप्टेंबर

सुदर्शन,

एका ओळीचं पत्र लिहिता येतं तुला, हे कळलं. "अक्का, बांध. नियम माणसांनी केलाय, वेदना त्याला होतेय."

बांधलं.

आधी दारोदार गेले. म्हणले, दोर मी टाकते, तुमी फकस्त धरायला या. कुणाची कंबर दुखायली, कुणाकडं पावणे आले. वीरण्णा मामा देवळाच्या पायरीवर बसले होते, मला बघून तोंड फिरवलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी डॉक्टरीणबाईनंच देगलूरहून दोन माणसं आणली.

भाकरी गुळात कुस्करून सुपात घेतली आणि वढ्याला गेले. तो जवळ आला, कायम येतो तसाच. सुपात तोंड घातलं, आणि मी म्होरकी चढवली. मला वाटलं आता उधळतो, तुडवतो मला. न्हाई उधळला. मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि परत सुपात तोंड घातलं. दोर म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नव्हतं रे! माणसांनी ओढून झाडाला आवळला तवा कळलं. मग त्यानं जो आवाज काढला तसला मी कुठल्या जनावराचा ऐकलेला न्हाई. देवळापाशी ऐकू गेला म्हणतात.

बाईचा हात चांगला हाय. आडवा पाडला, शिंगाची जागा बधिर केली, तारेच्या करवतीनं मुळापासून काढलं, कातडी ओढून टाके घातले. मी डोकं धरून बसले होते. बाई दर थोड्या वेळानं म्हणायची, "मावशी, दुखत नाहीये त्याला." नसंल दुखत. पण अंग थरथर कापायलं होतं, डोळा फिरवून फिरवून माझ्याकडं बघायलाय. ह्याचं माप तुझ्या बेरजेत कुठल्या घरात मांडायचं, ते लिही.

संपल्यावर बाई हात धूत म्हणाली, "रडताय कशाला? वाचला ना?"

"हाव बाई, वाचला."

"मग? मला अजून चार गावं करायचीत." आणि गेली. तिचं चुकलं असं न्हाई. विचार करत बसली तर तिनं काम कवा करायचं?

आता जखम भरेपर्यंत तो आपल्या गोठ्यात हाय, राजा-परधान्याच्या शेजारी. ते दोघं त्याला बघून बुजतात. मी वैरण टाकते, हळद लावते, आणि मला सारखं वाटतं की त्याला मी फसवलं. भल्यासाठी फसवलं तर ते फसवणं ऱ्हातं का न्हाई? आई असती तर तिनं काय केलं असतं, तेबी आठवून बघितलं. एकदा वाटतं दोर टाकला असता, एकदा वाटतं माझा हात धरला असता.

शिवकांता

११ ऑक्टोबर

सुदर्शन,

हे पत्र उभ्या उभ्या लिहायलेय. राग मावंना, आणि कुणावर काढावा ते कळंना, म्हणून तुझ्यावर.

जखम झकास भरली होती. दसऱ्याला त्याला ववाळलं, कुंकू लावलं, म्होरकी काढली आणि सोडला. एका शिंगाचा, मान जरा वाकडी धरून चालला वढ्याकडं. लई दिवसांनी पोटभर जेवले मी. मनात म्हणले, सुदर्शन शिकला ते वाया न्हाई गेलं.

काल तो माघारी आला. आपणहून गोठ्यात शिरला आणि कोपऱ्यात उभा राहिला. पाठीवर वळ, बोटाएवढे जाड, एकावर एक. जन्मात त्याच्या अंगाला काठी लागली नव्हती.

वीरण्णा मामांनी मारलं. हाव, मामांनीच. सोयाबीन कापून रानात बनीम रचली होती, हा जाऊन ती गंजी खायला लागला. मी तशीच पदर खोचून त्यांच्या रानात गेले. म्हणले, "मामा, हात झडला न्हाई का तुमचा? रोज ज्याला भाकरी घातली त्याला हाणलं?"

मामा बनीम झाकत होते. थांबले. म्हणाले, "देवाचा होता तवा सगळी बनीम खाल्ली असती तरी हात जोडले असते. आता तो तुझा हाय, शिवकांते. दोर तू टाकलास. दुसऱ्याच्या बैलानं माझी रास खाल्ली तर मी काय करायचं?"

"मग परत सोडते. स्वामींना बोलवा, डाग द्या, गावजेवण घालते."

"एकशिंगी? व्यंग असलेलं जनावर देवाला देत न्हाईत, तुला ठाऊक न्हाई का?"

मला ठाऊक होतं रे. अप्पांनी सोडताना त्याचे दात, खूर, शेपटीचा गोंडा, सगळं बघून घेतलं होतं. मी आणि तू, दोघांनाबी ठाऊक होतं, आणि दोघांच्याबी ध्यानात आलं न्हाई. तू बांध म्हणालास, मी बांधलं, आणि बांधल्यावर सोडायचा कसा हे कुणीच इचारलं न्हाई.

मी मामांना म्हणले, "तुमची भक्ती एका दोरानं तुटली का?"

ते म्हणाले, "आन् तुझी दया? रानात पाठवशील तर मार खाईल, घरात बांधशील तर कैदेत ऱ्हाईल. तू ठरव आता, मालकीण हाईस." एवढं बोलले, आणि पदरच न्हाई त्यांना, न्हाईतर डोळ्याला लावला असता. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले त्यांनी. मारताना तो पळाला न्हाई म्हणाले. काठी उगारली की पळायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच न्हाई. उभा राहून मार खात बघत राहिला, आणि मग मामांनीच काठी टाकली.

अशा माणसाला वाईट कसं म्हणू? आणि चांगलं तरी कसं म्हणू?

तुझ्या त्या हक्काचं काय झालं, सुदर्शन? त्याचा हक्क हाय म्हणालास. असंल. पण आजवर तो राखला कुणी? मामांच्या देवानं राखला. तो नियम खोटा हाय असं तू माईकवर सांगितलंस, मी दोर टाकून सांगितलं. आता त्याच्या जागी काय लावायचं? लोकांना तुझी पाच पानं वाचून दाखवू का, बनिमीवर बसून? का न बांधता डोळ्यापर्यंत सडू द्यायला पाहिजे होता? तसं म्हणवत न्हाई. हे असं व्हावं, तसंबी म्हणवत न्हाई. माझं डोकं फुटायची पाळी आलीय.

आज त्याला बांधलाय. काय करू दुसरं? लोकांची सुगी हाय.

शिवकांता

२८ ऑक्टोबर

सुदर्शना,

तुझं पत्र आलं. "अक्का, मला माहीत नाही." बाकी पान कोरं. खोटं कशाला बोलू, आधी संताप आला. एवढं शिकून हेच? मग चुलीपुढं बसून परत वाचलं, आणि तुझ्याबद्दल मनात जे कडू होतं ते जरा कमी झालं. इतक्या वर्षांत तुझं हे पहिलं पत्र, जे मला एका वाचनात समजलं. खाली बारीक अक्षरात "येऊ का?" लिहिलंस. इचारतोस काय? ये. शिल्पालाबी आण. कोरा चहा करीन, पण तोंड वाकडं करायचं न्हाई.

बसवण्णाचं सांगते. सुगीभर बांधून ठेवला. पहिले काही दिवस दाव्याला हिसके द्यायचा, मानेचं कातडं सोललं, मी तेल लावलं. मग हिसके द्यायचं थांबलं. वैरण टाकली की खातो, पाणी दाखवलं की पितो. अंगानं भरलाय. डॉक्टरीणबाई जखमेची जागा बघायला आली तर खूश झाली, म्हणाली, "मावशी, बघा कसा माणसाळला!" मी हाव म्हणले. तिला काय सांगू?

आता सोयाबीन सगळ्यांचं घरात गेलंय. रानं मोकळी पडलीत, खायला धसकटं, कुणाचं काही नुकसान न्हाई. आज सकाळी शेण काढताना वाटलं, आता मारायला कुणाला कारणच न्हाई, हिंडू दे बिचाऱ्याला. दावं सोडलं. म्होरकी काढली. गोठ्याचं फाटक सताड उघडलं आणि बाजूला झाले. म्हणले, जा बाबा, जा वढ्याला.

तो फाटकापर्यंत आला. पुढचे पाय बाहेर टाकले. वाटेनं वीरण्णा मामा काठी टेकत देवळाकडं निघाले होते. मामांनी त्याला बघितलं, थांबले, काठी खाली ठेवली आणि त्याला हात जोडले. खरंच जोडले, मी डोळ्यांनी बघितलं. पण हा तवर माघारी फिरला होता. सरळ आपल्या खुंट्यापाशी गेला, जिथं मी बांधते तिथं, आणि मान खाली घालून उभा राहिला. म्होरकी चढवायला मला हात वर करावा लागू नये एवढी खाली.

आणि मला काय वाटलं सांगू, सुदर्शना? बरं वाटलं. आपला झाला, असं वाटलं. हे मला वाटलं, आईच्या नावानं सोडलेल्या बसवण्णाबद्दल. मग जे रडू आलंय ते दुपार झाली तरी थांबंना.

तुझी
अक्का